मोकल बाईंच्या पाच बरण्या

किशोरी मोकल फार चांगल्या शिक्षिका होत्या, असं आता आमच्या शाळेत सगळे म्हणतात. म्हणायला काय जातंय? त्या शाळेत होत्या तेव्हा त्यांच्याबद्दल दोनच विषय निघायचे. बाईंचं लग्न का झालं नाही, आणि बाईंची मान्यता कधी येणार. त्या शिकवतात कशा, हे विचारायला अकरा वर्षांत कुणाला वेळ झाला नाही. मलाही नाही.

मी वर्तक. चिंचखारच्या हायस्कूलमध्ये अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवतोय, अजून दोन वर्षांनी सुटेन. माझी नोकरी पहिल्यापासून पक्की. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझं काही जाण्यासारखं नव्हतं, हे वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

शाळेबाहेरच्या माणसाला मान्यता म्हणजे काय ते कळायचं नाही. शिक्षक संस्था नेमते, पण जिल्ह्याच्या साहेबांची सही होईपर्यंत तो शिक्षक सरकारच्या लेखी नसतोच. तो रोज येतो, वर्गावर जातो, पेपर तपासतो, स्नेहसंमेलनात पडदे बांधतो आणि संस्था हातावर टेकवेल ते घेऊन घरी जातो. मोकल बाई अशा अकरा वर्षं येत होत्या. वयाची चाळिशी जवळ आलेली, घरी एकटी आई, नीराबाई, आणि खाडीच्या बांधाला लागून थोडी भातशेती. आता दुसऱ्या कुठल्या शाळेत नव्याने उभं राहण्याचं त्यांचं वय उलटून गेलं होतं. त्यामुळे चिंचखारची मान्यता आली तर नोकरी, नाहीतर काही नाही, इतकं ते सरळ होतं.

बाई स्वभावाने गोड वगैरे मुळीच नव्हत्या. पोरगा फळ्यासमोर उभा राहून धडाधडा व्याख्या म्हणायला लागला की त्या मध्येच 'म्हणजे काय?' असं विचारायच्या. मग त्या त्याला वर्गाबाहेर नेऊन ती गोष्ट दाखवायच्या. एकदा अख्खा सातवीचा वर्ग त्यांनी बांधावर उकिडवा बसवून खेकड्यांची बिळं मोजायला लावली होती. आम्ही शिक्षक खोलीत त्यांना 'म्हणजेकाय बाई' म्हणायचो. त्यांच्यासमोरही म्हणायचो. त्या हसायच्या आणि मला विचारायच्या, "सर, अलंकार म्हणजे काय?" मला तेव्हा राग यायचा.

आता जिताड्याचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट कळणार नाही. जिताडा हा मासा खाल्लेले पुष्कळ भेटतील, पण तो कशासाठी पाळतात हे आमच्या खाडीकाठच्या खारेपाटाबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे घराच्या बाजूला तलाव असतो. पावसाळ्यात खाडीतून बोटाएवढी पिल्लं आणून त्यात सोडायची. तलावातली बारीक मासळी खाऊन दोन-तीन वर्षांत ती चार-चार किलोंची होतात. घरची माणसं सहसा त्याला हात लावत नाहीत. तो जावयासाठी असतो, मोठ्या पाहुण्यासाठी असतो आणि मुख्य म्हणजे साहेबासाठी असतो. ज्याचं काम अडलं तो तलावात जाळं टाकतो आणि जिताडा घेऊन साहेबाच्या दारात उभा राहतो. याला आमच्याकडे कुणी लाच म्हणत नाही. भेट म्हणतात. कुणाच्या तलावातला जिताडा केवढा, यावर गावात माणसाची पत ठरते.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष शिवदास भगत. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांचा तलाव गावात सगळ्यात मोठा आणि त्यात तीन वर्षांचे पाच जिताडे. दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशी आबा शाळेत आले आणि सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "जानेवारीत साहेब शाळेला येतायत. पाचच्या पाच जिताडे गाडीत घालतो आन् मोकल बाईंच्या कागदावर सही घेतो. या टायमाला सोडत न्हाय."

आबा मनापासून बोलले होते, हे मान्य करायला हवं. बाईंना अकरा वर्षं राबवलंय याची त्यांना थोडी लाज होती. मधल्या सुट्टीत बाई मला म्हणाल्या, "सर, माझी मान्यता माशाच्या पोटातून येणार म्हणायची." हसत म्हणाल्या, पण 'नको' म्हणाल्या नाहीत. अकरा वर्षांनी कोण म्हणेल?

त्याच आठवड्यात त्यांनी नववीच्या वर्गात बरण्या मांडल्या. विज्ञानाच्या धड्यात 'खतांमुळे पाण्याचे प्रदूषण होते' असं एक वाक्य होतं. दुसऱ्या कुणी ते पोरांना पेन्सिलने अधोरेखित करायला लावलं असतं आणि पुढचा धडा घेतला असता. बाईंनी घरून लोणच्याच्या पाच रिकाम्या बरण्या आणल्या. शाळेमागच्या तलावाचं पाणी फडक्याने गाळून पाचांत सारखं भरलं. पहिलीत काही घातलं नाही. दुसरीत चिमूटभर युरिया, तिसरीत चिमूटभर डीएपी, चौथीत दोन्ही चिमूट चिमूट, पाचवीत दोन्ही तीन-तीन चिमट्या. पाचही बरण्या खिडकीत उन्हाला ठेवल्या. पोयनाडच्या रंगाच्या दुकानातून त्यांनी हिरव्या रंगांचं कार्ड मागून आणलं होतं, भिंतीला रंग निवडायला देतात तसलं. रोज एका मुलाने ते कार्ड बरणीमागे धरून कुठला रंग जुळतो ते वहीत लिहायचं. "चौथी आज पोपटी!" "पोपटी कसली, त्याच्या पुढची!" अशी भांडणं माझ्या वर्गापर्यंत ऐकू यायची. मी दोनदा जाऊन गप्प बसा म्हणून ओरडलो.

बारा दिवसांनी पहिली बरणी जवळजवळ होती तशीच होती आणि पाचवीतून पलीकडचं काही दिसेनासं झालं होतं. बाईंनी मुलांना विचारलं, "तुमच्या शेतातलं पाणी कुठं उतरतं?" सगळ्यांनी सांगितलं, तलावात. "मग शेतात टाकलेलं खत भाताने खाल्लं नाही तर कुणी खाल्लं?" त्या दिवशी त्यांनी वहीत लिहून दिलं: खत पाण्यात गेले की शेवाळ वाढते. शेवाळ हे पाण्यातील बारीक जीवांचे अन्न आहे. बारीक जीव हे माशांचे अन्न आहे.

हा धड्याचा अर्धा भाग. उरलेला अर्धा पुढच्या सोमवारी होता. शेवाळ उन्हात असतं तेव्हा पाण्यात प्राणवायू सोडतं, पण अंधारात तेही श्वास घेतं. ढग आले, ऊन मिळालं नाही, की ते मरायला लागतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातला उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतं. मग मासे गुदमरतात. बाई पाचव्या बरणीला काळं फडकं गुंडाळून ठेवणार होत्या आणि चार दिवसांनी पोरांना झाकण उघडून वास घ्यायला लावणार होत्या. तो वास आला की आयुष्यभर विसरणार नाहीत, असं त्या म्हणाल्या होत्या.

सोमवारचे ते तास मी घेतले.

साहेबांसाठी स्वागतगीत बसवायचं होतं. गीत मीच लिहिलं होतं, सहा कडवी, सगळीकडे यमक जुळवलेलं. नववीचा वर्ग गाणार होता. आबांनी सांगितलं, विज्ञानाचे तास घ्या, बाईंच्याच कामासाठी तर साहेब येतायत. मी बाईंना तसं सांगितलं तेव्हा त्या कधी नव्हे त्या हात जोडून म्हणाल्या, "सर, हे दोन तास सोडा. अर्धं शिकवून ठेवलंय. अर्ध्यावर सोडलं तर न शिकवल्यापेक्षा वाईट होईल."

"बाई, पोरं कुठे पळून चाललीयेत?" मी म्हणालो. "साहेब गेले की शिकवा."

एक आठवडा म्हणून घेतलेले तास तीन आठवडे माझ्याकडे राहिले. दुसऱ्या कडव्याची चाल मला पसंत पडत नव्हती.

नववीत आबांची नात होती, पूनम. गोड पोरगी, अक्षर मोत्यासारखं. रोज संध्याकाळी नातीला पडवीत बसवून दिवसभराची वही मोठ्याने वाचायला लावायची, ही आबांची सवय. स्वतः चौथी शिकलेला माणूस, नात काय शिकते याची त्यांना हौस होती. पूनमने वाचलं, खत पाण्यात गेले की शेवाळ वाढते. आबांनी पुन्हा वाचायला लावलं. त्यांना एक काळजी लागून राहिली होती. तलावातली बारीक मासळी त्या वर्षी कमी झाली होती आणि जिताडे हवे तसे भरले नव्हते. साहेबाच्या गाडीत घालायचा जिताडा आणि त्याची पाठ बारीक दिसते, हे त्यांना खपत नव्हतं. पडवीच्या कोपऱ्यात भाताचं उरलेलं युरियाचं अर्धं पोतं होतं, डीएपीचंही थोडं होतं. बरणीला चिमूट, मग तलावाला किती? आबांनी पूनमला विचारलं. ती म्हणाली, बाईंनी ते सांगितलं नाही. आबांनी दोन्ही कालवून चार घमेली तलावात मारली.

भाताला खत घालताना आबांचा हात कधी चुकला नसेल. पण पाणी म्हणजे शेत नव्हे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारीचे तास स्वागतगीताला गेले होते.

आठ-दहा दिवसांत तलाव हिरवागार झाला. डिसेंबरचं कडक ऊन, पाण्यावर बारीक मासळी उड्या मारायला लागली. आबा खूश. शाळेच्या फाटकात मला गाठून म्हणाले, "सर, मोकल बाईंनी डोकं दिलं बगा. खत मारलं तलावात. जिताडा असा भरलाय!" आणि दोन्ही हातांनी जाडी दाखवली. मला वाटलं, बाईंना ऐकून बरं वाटेल. म्हणून शिक्षक खोलीत जाऊन सांगितलं.

बाईंच्या हातात चहाचा कप होता, तो त्यांनी खाली ठेवला. "किती टाकलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, चार घमेली म्हणत होते. त्या तशाच उठल्या आणि निघाल्या. मीही मागोमाग गेलो. खरं सांगायचं तर मजा बघायला गेलो.

आबा तलावाच्या काठावर खुर्ची टाकून बसले होते. पाणी रंगाच्या डब्यासारखं दिसत होतं. बाईंनी चपला काढल्या नाहीत, नमस्कार केला नाही. "आबा, आणखी खत टाकू नका. पाणी बदला. आजच बदला. आभाळ भरून यायला लागलंय, ऊन गेलं तर सगळं शेवाळ मरेल आन् मासळी गुदमरेल."

आबा हसले. "बाई, तुमीच शिकवलंत ना पोरीला? खत, मग शेवाळ, मग मासळी. वहीत लिवलंय."

"अर्धंच शिकवलंय, आबा. उरलेलं अर्धं राहिलंय."

"मग उरलेलं सायेब गेल्यावं शिकवा."

"उघाडी उघडा, भरतीचं पाणी घ्या आत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता.

आता मात्र आबा वैतागले. उघाडी म्हणजे बांधातलं दार, तिथून खाडीचं पाणी आत-बाहेर होतं. "उघाडी उगडली तर जिताडे खाडीत जातील. तीन वर्सं पोसलेत मी. बाई, तुमच्यासाटीच पोसलेत."

बाईंनी निदान पंप लावून पाणी ढवळत ठेवायला सांगितलं. बघतो म्हणाले. परत येताना बाई झपाझप पुढे चालत होत्या. मी म्हणालो, "तुम्ही उगाच घाबरता, आबांना मासळी कळते." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

तीन दिवस आभाळ झाकलेलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी मी शाळेत येत होतो तर आबांच्या तलावावर गर्दी. पाणी हिरव्याचं तपकिरी झालेलं, सगळीकडे उलटी बारीक मासळी आणि तो वास. बाई पोरांना घ्यायला लावणार होत्या तो वास अख्ख्या गावाला आला. पाचही जिताडे पडवीत ओळीने ठेवले होते. पूनम खांबाला धरून रडत होती. माणसं तोंडावर हळहळत होती आणि वळली की हसत होती. आबांनी तलावाला भाताचं खत घातलं, हे दुपारपर्यंत पोयनाडच्या बाजारात पोचलं.

संध्याकाळी चार वाजता मुख्याध्यापकांच्या खोलीत मोकल बाईंना बोलावलं. आबा होते, मुख्याध्यापक होते आणि मला साक्षीला बसवलं होतं. आबांचे डोळे लाल झाले होते. मला त्यांची दयाही आली. पण माणसाचं हसं झालं की त्याला दुसरा कुणीतरी चुकलेला लागतो. पूनमची वही टेबलावर उघडी होती.

"हे तुमी लिवून दिलंत?" आबांनी विचारलं.

"हो."

"याच्यात कुठं लिवलंय, मासळी मरल म्हणून?"

"पुढच्या तासाला सांगणार होते. तास मिळाले नाहीत." बाई माझ्याकडे वळल्या. "वर्तक सर, तुम्ही सांगा. माझे तास कुणी घेतले? आणि त्या दिवशी तलावावर मी आबांना काय सांगितलं, तुम्ही होतात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला एवढंच म्हणायचं होतं: तास मी घेतले, आबा, तुमच्याच सांगण्यावरून, आणि बाईंनी तुम्हाला बजावलं होतं. दोन वाक्यं. मी आयुष्यभर मुलांना निर्भीडपणावर निबंध लिहायला लावले आहेत. मला भीती होती असंही नाही, आबा माझं काय करणार होते? मला फक्त गप्प बसायची सवय होती. मोठ्या माणसांच्या खोलीत मी नेहमीच गप्प बसत आलोय.

"आता झालं ते झालं, बाई," मी म्हणालो. "वाद वाढवून काय मिळणार?"

बाईंनी माझ्यावरची नजर काढून घेतली.

मग मुख्याध्यापकांनी मार्ग काढला. आबांच्या मनात राग राहायला नको, साहेब यायला पंधरा दिवस राहिलेत, फाइल आबांच्याच हातून पुढे जायची आहे. बाईंनी एक माफीपत्र लिहून द्यावं. चुकीचं शिकवलं गेलं, नुकसान झालं, पुन्हा होणार नाही. बस्स. पत्र आबांच्या कपाटात राहील, बाहेर जाणार नाही. आबा म्हणाले, "मना पैसा नको, कायच नको. कागूद द्या. गावात सांगाया तरी येल."

"मी चुकीचं शिकवलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"मग फाइल ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. रागाने नाही, थकून म्हणाले. म्हणूनच ते खरं वाटलं.

शिपाई येऊन घंटा देऊन गेला, पोरं दप्तरं घेऊन घरी गेली. शेवटी बाई म्हणाल्या, "मला असलं लिहिता येणार नाही."

"त्याची काळजी नको," मी म्हणालो. "मी लिहून देतो."

हो, मी म्हणालो. एवढा उत्साह मला कुठून आला कोण जाणे. मला वाटलं, मी त्यांना मदत करतोय. मी कोरा कागद घेतला आणि एका दमात लिहिलं: 'माझ्या अध्यापनातील गंभीर त्रुटीमुळे विद्यार्थ्यांच्या मनात चुकीच्या वैज्ञानिक कल्पना रुजल्या व त्यातून मा. अध्यक्ष महोदयांचे नुकसान झाले, याची मला प्रामाणिक जाणीव आहे.' असं बरंच. शुद्धलेखनाची एक चूक नाही. बाईंनी कागद सावकाश वाचला, खालपर्यंत.

"यात एकही वाक्य खरं नाही," त्या म्हणाल्या आणि सही केली.

साहेब जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आले. स्वागतगीत छान झालं. दुसऱ्या कडव्याला साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मोकल बाई वर्गाच्या दाराशी उभ्या होत्या, नवी साडी नेसून. नीराबाईंनी त्यांच्यासाठी देवीला नवस बोलला होता, असं मागून कळलं.

जेवण आबांच्या घरी होतं. चिंबोऱ्या होत्या, कोळंबी होती, तांदळाची भाकरी होती. जिताडा नव्हता. आबांनी शेजारच्या गावातून विकत आणायचा प्रयत्न केला होता, पण दुसऱ्याच्या तलावातला मासा आपला म्हणून वाढायला त्यांचं मन घेईना. साहेब भला माणूस होता, त्याने जिताड्याचा विषयही काढला नाही. पण आबांच्या मनाला ते लागलं होतं. फोनवर त्यांनी साहेबांना कबूल केलं होतं, पाच देतो म्हणून. शब्द दिलेला आणि ताटात मासा नाही. आपण हात आखडला असं साहेबांना वाटेल, या एकाच विचाराने त्यांचं जेवण जाईना.

"सायेब, जिताडे होते," ते म्हणाले. "खोटं सांगत न्हाय. आमच्या बाईंकडून चूक झाली. हे बगा, लिवून दिलंय त्यांनी." आणि उठून कपाटातलं पत्र आणून साहेबांच्या हातात दिलं.

आबांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी देवाशपथ सांगतो. त्यांना फक्त आपला शब्द खरा करायचा होता. साहेबांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पत्र वाचलं. मग विचारलं, "मोकल म्हणजे यांचीच मान्यतेची फाइल आहे ना?"

"व्हय, व्हय. त्यांचंच तेवढं करा," आबा म्हणाले.

"कसं करू, भगत? जी शिक्षिका स्वतः लिहून देते की मी मुलांना चुकीचं विज्ञान शिकवते, तिला मी विज्ञानाची मान्यता देऊ? उद्या कुणी विचारलं तर मी काय उत्तर देणार?" त्यांनी पत्राची नीट घडी केली आणि स्वतःच्या फाइलमध्ये घातली. "पत्र मात्र उत्तम लिहिलंय हो. भाषा चांगली आहे बाईंची."

आबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हासुद्धा मला बोलता आलं असतं. साहेब अजून पाटावर होते, बाई दोनशे पावलांवर शाळेत होत्या. मी ताटातली चिंबोरी फोडत राहिलो. त्यानंतर सोलकढीही प्यालो.

मान्यता नाकारल्याचं पत्र मार्चमध्ये आलं. कारण एका ओळीत लिहिलं होतं. बाईंनी एप्रिलपर्यंत वर्ग घेतले, परीक्षा घेतली, पेपर तपासून दिले. जूनमध्ये त्या आल्या नाहीत. त्यांच्या जागी पोयनाडचा एक मुलगा घेतला आहे, मितेश म्हणून. तो धडा वाचून दाखवतो आणि वाक्यं अधोरेखित करायला लावतो. सगळे त्याच्यावर खूश आहेत. आबा शाळेत फारसे येत नाहीत. आले तर बाईंचं कौतुक करतात, अगदी मनापासून. त्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

जुलैत एका रविवारी मी त्यांच्या गावाला गेलो. नीराबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. "शेतावं हाय," एवढंच म्हणाल्या आणि हाताने दिशा दाखवली. लावणी चालली होती. बांधावरून मला बाई ओळखूच आल्या नाहीत. चार बायकांत वाकलेल्या, डोक्यावर इरलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. मी हाक मारली तशा त्या हात धुऊन वर आल्या.

मी काय काय पाठ करून गेलो होतो. प्रस्तावना, मुद्दे, शेवट. "बाई, मी त्या दिवशी बोललो असतो तर..." एवढंच म्हणालो.

त्यांनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "सर, तुम्ही बोलला असतात तरी आबांनी ऐकलं नसतं. साहेबांनीबी न्हाय."

मला खरंच हायसं वाटलं. एवढंच ऐकायला मी आलो होतो की काय, असं वाटलं. मी मान हलवली, आता निघावं म्हणून छत्री उघडली.

"पण मी ऐकलं असतं," त्या म्हणाल्या.

मग त्या बांधावरून खाली उतरल्या आणि राहिलेली ओळ लावायला लागल्या.